पंधरा टक्के कमलबाई

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत कमलबाई राहायला आली, त्या वर्षी समोरच्या निंबावरच्या कावळ्यांनी घरटी उचलून मेहरूणच्या तलावाकडे नेली. मी डोळ्यांनी पाहिलं. एकेक काडी चोचीत धरून जात होते बिचारे. कारण एवढंच, की बाईचा आवाज. सकाळी तिनं अंगणातून नवऱ्याला हाक मारली की फाटकापाशी थांबलेल्या मालगाडीचा ड्रायव्हर आपल्यालाच इशारा मिळाला असं समजून गाडी सोडायचा.

पण नुसता आवाज असता तर त्यात सांगण्यासारखं काय होतं? कमलबाईचं खरं वैभव म्हणजे तिच्या शिव्या. आता शिव्या म्हटल्यावर नाकं मुरडू नका. आईबहिणीवरची एकही शिवी त्या बाईच्या तोंडून कोणी ऐकलेली नाही. तिच्या शिव्या चुलीपाशी जन्मलेल्या. ‘जयेल भाकर’, म्हणजे करपलेली भाकरी. ‘इझेल चुल्हा’, म्हणजे विझलेली चूल. ‘फुटेल घागर’ तर तुम्हाला कळलीच. आणि राग अगदी माथ्याला गेला की ‘बिनदेठनं वांगं’. भरताचं वांगं देठाला धरून विस्तवावर फिरवायचं असतं. देठच नसेल तर धरायचं कुठं आणि भाजायचं कसं? ज्याला कुठून धरावं तेच कळत नाही असा माणूस, तो बिनदेठनं वांगं.

या सगळ्या दौलतीचा मालक एकटा चुडामण आबा. तिचा नवरा. दोघंही मूळचे धुळ्याकडचे, पन्नास वर्षांचा संसार, एकुलती पोर रत्ना धुळ्यालाच दिलेली. बाईचा नियम कडक होता: परक्याला शिवी द्यायची नाही. भाजीवाल्यानं सडकं टोमॅटो पिशवीत सरकवलं तरी ती शुद्ध मराठीत म्हणायची, “भाऊ, एवढं बदलून द्या हं.” मी एकदा विचारलं, अहो आक्का, त्याला का सोडता? तर म्हणाली, “परकाले शिवी काबर देवो? तो काय आपला लागस का?”

म्हणजे शिवी ही आपल्या माणसाची. आबांना याचा केवढा तोरा! बाकीचे म्हातारे ओट्यावर बसून आपापली शुगर सांगायचे, आबा शिव्या सांगायचे. “आज चहाच्या आधीच दोन फुटेल घागरी झाल्या,” म्हणायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे. माझी बायको मला आजन्म ‘अहो’ म्हणत आलेली. मी मान खाली घालायचो.

मग वरच्या मजल्यावर भूषण सर आला.

भूषण हा तिशीतला पोरगा. स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवायचा. तलाठी, पोलीस, बँक, जे निघेल ते. त्यातही त्याचा हातखंडा म्हणजे तर्काचे प्रश्न. आबांनी वरची मोकळी खोली त्याला दिली. रोज तीस-चाळीस पोरं-पोरी जिना चढायची. जिन्याखाली चपलांचा असा ढीग, की एकदा त्यात हरवलेली मांजर तिसऱ्या दिवशी सापडली. गाड्या तुळशीला टेकवलेल्या. कमलबाई दारातून बघायची, ओठ दाबायची, पण बोलायची नाही. परकी पोरं.

बिघडलं ते जितेंद्रमुळे. हा सावद्याचा पोरगा, केळीवाल्याच्या घरचा, इथं खोली करून राहणारा. एका सकाळी तो जिन्यातच घेरी येऊन बसला. आदल्या दुपारपासून पोटात काही नाही. कमलबाईनं त्याला आत नेलं, भाकर-ठेचा पुढ्यात ठेवला. पोरगं तीन भाकरी जेवलं आणि ढेकर देऊन क्लासला गेलं. तिच्या हातची भाकर खाल्ली म्हणजे तो घरचा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं तुळशीला गाडी टेकवली मात्र, आणि आतून गडगडाट झाला:

“ओ जयेल भाकर! तुळस शे ती, तुन्हा गाडीना खांब नही!”

ओट्यावर आबा दाढी करत होते. गाल कापला.

“कोणाला म्हणते ती?” आबांनी मला विचारलं.

“त्या पोराला.”

“ती माझी आहे,” आबा म्हणाले. “लग्नाच्या तिसऱ्या महिन्यापासून जयेल भाकर माझी आहे.”

पुढं जितेंद्र भरतीच्या लेखी परीक्षेला निघाला तेव्हा तिनं दारातून विचारलं, “पेन लिधा का रे, इझेल चुल्हा?” नव्हता घेतला. परत आला, पेन घेतला, परीक्षेला गेला आणि पास झाला. बस! क्लासभर बोभाटा झाला, की आजीची शिवी खाऊन गेलं की पेपर सोपा जातो. पोरं रांगेनं येऊ लागली. “आजी, एक तुकडा भाकर द्या ना.” तुकडा तोंडात टाकायचा, घरचं व्हायचं, आणि मग चपला मुद्दाम उंबऱ्यात काढायच्या. मेहरूणहून येणारी भूमिका नावाची पोरगी तर भारी धूर्त. ती म्हणायची, “आजी, काल मला फक्त ‘फुटेल घागर’ मिळाली. माझा गणिताचा पेपर आहे, जरा जड काहीतरी द्या.”

आणि कमलबाई द्यायची! दोन्ही हातांनी द्यायची. बाईच्या गालावर रंग आला. गुडघे दुखायचे थांबले. पहाटेपासून नवीन शिव्या जुळवताना दिसायची.

इकडं आबा वाळत चालले.

त्यांनी मोजायला सुरुवात केली. खिशात चिंचोके ठेवले. स्वतःला शिवी मिळाली की एक उजव्या खिशात, पोरांना मिळाली की एक डाव्या खिशात. संध्याकाळपर्यंत डावा खिसा इतका जड व्हायचा की आबा तिकडे कलून चालायचे. समोरून येणारा रिक्षावाला त्यांना वळायचंय समजून थांबायचा. रात्री बायको झोपली की म्हातारा दोन्ही खिसे उपडे करून दोन ढिगांकडे बघत बसायचा. एखाद्याच्या बायकोला चिठ्ठ्या येतात, त्या तो चाळत बसतो. आबा चिंचोके चाळायचे.

एक मात्र समाधान होतं. ‘बिनदेठनं वांगं’ अजून कोणालाही मिळालं नव्हतं. पोरांनी जंग जंग पछाडलं, एकानं तर गाडी थेट स्वयंपाकघराच्या दारात आणून लावली. तरी नाही. ते एक आबांचंच होतं. सगळं गेलं तरी एवढं होतं.

शेवटी एके दिवशी संध्याकाळी आबा जिना चढून क्लासमध्ये गेले. मीही मागोमाग गेलो. असली मजा कोण सोडतो?

“भूषणभाऊ,” आबा दारातूनच म्हणाले, “तुम्ही माझं घर बुडवलं. पूर्वी कमलच्या शंभर टक्के शिव्या माझ्या होत्या. आज मी पंधरा टक्क्यांवर आलो. पंधरा! माझ्या घरात मी पंधरा टक्के!”

पोरं हसायला लागली. भूषण मात्र हसला नाही. त्याचे डोळे चमकले. मास्तर लोकांचं असंच असतं. समोर माणूस रडत असला तरी त्यांना त्यात प्रश्न दिसतो.

“आबा, बसा. मुलांनो, हेच आपण काल घेतलं ना? चहाच्या दुकानाचं उदाहरण? लिहा.”

आणि त्यानं फळ्यावर लिहिलं: ‘एका घरातील सर्व शिव्या पूर्वी आजोबांना मिळत. आता त्यांतील पंधरा टक्के मिळतात. निष्कर्ष: आजोबांना आता पूर्वीपेक्षा कमी शिव्या मिळतात. निष्कर्ष अ) योग्य, ब) अयोग्य, क) सांगता येत नाही.’

“अ!” आबा ओरडले. “अ, अ, अ! यात विचारायचं काय?”

निम्म्या वर्गानंही अ-लाच हात वर केला. भूमिकानं मान हलवली. “क, सर. पंधरा टक्के, पण कशाचे? एकूण किती ते कुठं दिलंय?”

“शाब्बास. टक्का दिसला की आधी काय विचारायचं?”

“कशाचा!” सगळा वर्ग एका सुरात.

“आबा,” भूषण म्हणाला, “पूर्वी दिवसाला साधारण किती मिळायच्या?”

“विसेक.”

“आणि आता एकूण?”

आबांनी खिसे रिकामे केले. पोरांनी जमिनीवर बसून मोजले. दोनशे निघाले. त्यातले उजव्या खिशातले तीस.

“म्हणजे विसावरून तीस!” जितेंद्र उठून उभाच राहिला. “आबा, तुमची वाढ झाली! पूर्वीच्या दीडपट!”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, “काय टाळ्या पिटी राहिनात रे, फुटेल घागरी?”

“सर,” भूमिकानं हळूच विचारलं, “ही एक धरायची की चाळीस?”

आबा मात्र बसले होते तसेच बसले. मग म्हणाले, “वाढ झाली, मान्य. तुमच्या फळ्यावर झाली. पण बाळा, पूर्वी ती सकाळी उठायची तेव्हा शिवी कोणाला द्यायची हा प्रश्नच तिला पडायचा नाही. डोळे उघडायची आणि मी असायचो. आता उठते आणि आधी जिन्याकडे कान देते. त्या कानाचे टक्के काढ.”

भूषणनं खडू झटकला आणि पुढचा प्रश्न घेतला. पण त्या पुढच्या प्रश्नानंच घोटाळा केला. तो पोरांना समजावत होता, की एखाद्याचा हिस्सा दोन तऱ्हांनी वाढू शकतो: एक तर त्याचं स्वतःचं वाढतं, नाहीतर बाकीच्यांचं घटतं. म्हणून नुसता हिस्सा वाढला यावर भुलायचं नाही. आबांनी पहिलं वाक्य ऐकलं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी ते जिना उतरत होते.

आधी त्यांनी पहिली तऱ्हा करून पाहिली. चिखलाचे पाय घेऊन पुसलेल्या फरशीवरून फिरले. वरणात मूठभर मीठ टाकलं. तिचा चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला. दिवसभराची ही मेहनत, आणि पदरात पडल्या जेमतेम दोन जास्त. कारण त्याच दिवशी वरच्या पोरांनी पाण्याची टाकी उघडी टाकली होती, बाईचा सगळा मारा तिकडं गेला.

मग आबा दुसऱ्या तऱ्हेकडे वळले.

दुसऱ्या दिवशी क्लास भरायच्या आधीच म्हातारा जिन्याखाली उभा. येणाऱ्या प्रत्येकाची चप्पल आपल्या हातानं जोडीनं लावली, टोकं भिंतीकडं, रेषेत. गाड्या गल्लीच्या पलीकडं नेऊन एका कोनात उभ्या केल्या. जिना पुसला. पोरं जोरात हसली की बोट ओठावर. कोणाला भाकरीचा तुकडा हवा असेल तर आबा स्वतः बिस्किटाचा पुडा पुढं करायचे: “हे खा. आजीला त्रास नको.” असा शिस्तीचा क्लास जळगाव जिल्ह्यात झाला नव्हता. शेजारच्या गल्लीतली चिमणीसुद्धा पाय पुसून तारेवर बसू लागली.

कमलबाई दारात यायची. चपला बघायची. तुळस बघायची. तोंड उघडायची, आणि मिटायची.

“ऐंशी टक्के!” चौथ्या-पाचव्या दिवशी आबांनी ओट्यावर येऊन मला सांगितलं.

“कशाचे?” मी म्हटलं. त्या दिवसापासून मलाही सवय लागली होती.

“पाचातल्या चार माझ्या.”

“आबा, आधी तीस होत्या ना?”

“तुला कळत नाही. ऐंशी टक्के! काल एक त्या जितेंद्रला गेली, तीही बुटाची नाडी सुटली म्हणून. उद्या मीच बांधणार आहे त्याची नाडी.”

बांधली. आणि आबांनी शंभर गाठले. दोन शिव्या, दोन्ही त्यांच्या. जितेंद्र बिचारा जिन्यात थांबून म्हणाला, “आबा, आमच्या मळ्यात दोनच झाडं उरली आणि दोन्हींवर घड लागला, तर शंभर टक्के पीक आलं असं म्हणता येईल. पण दारात ट्रक उभा राहील का?”

“तू तुझी नाडी बघ,” आबा म्हणाले.

पण घर शांत झालं होतं. इतकं शांत, की निंबावर कावळे परत आले. आणि त्यानंतरच्या सकाळी कमलबाई चहा घेऊन बाहेर आली आणि आबांना म्हणाली:

“अहो, चहा घेताय ना?”

अहो! आबांच्या हातातून कप सुटला. फरशीवर तुकडे, धोतरावर चहा. आबांनी डोळे मिटले आणि वाट बघितली. पन्नास वर्षांत कप फुटला आणि घागर फुटली नाही असं झालं नव्हतं.

“असू द्या,” ती म्हणाली. “लागलं नाही ना तुम्हाला?”

शुद्ध मराठी. भाजीवाल्याशी बोलायची ती. आबांचा रंग बघून मीच घाबरलो.

दोन दिवसांनी तिनं पिशवी भरली. “रत्नाकडे जाऊन येते जरा धुळ्याला. इथं काय, सगळं व्यवस्थितच आहे. तुमचंही छान चाललंय.” आबांना ‘कधी येशील’ हे विचारायचा धीर झाला नाही, कारण ती कोणत्या भाषेत उत्तर देईल याची त्यांना धास्ती होती. परक्या माणसाला निरोप देतात तसा तिनं हात जोडून नमस्कार केला आणि बसमध्ये बसली.

आठवडा गेला. आबा रोज सकाळी चिंचोके खिशात टाकायचे आणि रात्री तसेच काढून ठेवायचे. भूषणनं विचारलं तर म्हणाले, “शंभर टक्के. शून्यातले शंभर टक्के.” वर पोरांचेही सराव परीक्षेचे गुण घसरले होते. भूमिका म्हणाली, आजी नाही तर पेपर कोरडा लागतो.

मग आबांनी रत्नाला फोन लावला.

“कशी आहे तुझी आई?”

“मस्त! आबा, तुम्ही येऊन बघा...”

आणि मागून, रत्नाच्या बोलण्याच्या मागून, तो आवाज आला. पूर्ण ताकदीचा. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी मलाही ऐकू आला:

“कुंदन! आरे देठले धर ना, देठले! बिनदेठनं वांगं!”

कुंदन म्हणजे जावई.

आता तुम्ही खानदेशातले नसाल तर सांगतो. आमच्याकडं जावयाला शिवी द्यायची म्हणजे देवाला दगड मारण्यासारखं. जावई म्हणजे पाट, रांगोळी, समई, आणि ‘घ्या ना, अजून एक घ्या ना’. सासू जावयासमोर मोठ्यानं खोकत नाही. आणि कमलबाईनं कुंदनरावांना नुसतं अरे म्हटलं नव्हतं. तिनं त्याला ते दिलं होतं. ते एकच. ज्यात आजवर कोणाचा वाटा नव्हता.

आबांनी फोन तसाच ओट्यावर टाकला. उठले, चपला पायात सरकवल्या आणि निघाले. वर क्लास भरला होता आणि जिन्याखालच्या चपला त्यांनीच इतक्या सरळ रेषेत लावलेल्या, की कोणती जोडी कुठं संपते ते म्हाताऱ्या डोळ्यांना दिसलं नाही. एक पाय जितेंद्रच्या चपलेत गेला, दुसरा भूमिकाच्या, चंदेरी पट्ट्याच्या सँडलमध्ये. मला हाक मारली नाही, पण मी होतोच मागं. बस धुळ्याच्या वाटेला लागली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. आबा फक्त मधूनच, स्वतःशीच: “जावयाला? जावयाला?”

धुळ्यात देवपुरात रत्नाचं घर. गच्चीवरून धूर येत होता. वर गेलो तर कुंदनराव, चांगला कचेरीत साहेब असलेला चष्म्याचा माणूस, बनियनवर, तोंडाला काजळी, तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजतोय. आणि हसतोय. कान लाल, डोळ्यांत धुराचं पाणी, आणि हे एवढं हसू.

“कुंदनराव,” आबा म्हणाले, “तुम्हाला काही वाटत नाही? तुम्ही जावई आहात! जावयानं मानानं राहावं!”

“आबा,” कुंदन वांगं खाली ठेवून म्हणाला, “बारा वर्षं मानानंच राहिलो. तुमच्या घरी आलो की पाटावर बसायचं, गोड खायचं आणि घड्याळ बघत निघायचं. माझ्याशी कोणी भांडलं नाही हो. पहिल्यांदा कोणीतरी मला या घरचा समजलं.”

“तुम्हाला दुसरी कोणतीही घ्यायची होती!” आबांचा आवाज फाटला. “जयेल भाकर घ्या, इझेल चुल्हा घ्या, पोरांनी घेतल्याच आहेत! ती एक तेवढी...”

रत्ना हसत होती ती थांबली.

कमलबाई कठड्यापाशी उभी होती. तिनं पदर सावरला. “या,” ती म्हणाली. “बसा ना. प्रवासात त्रास नाही ना झाला? पाणी आणते तुम्हाला.”

हे ऐकलं आणि आबा गच्चीवर खालीच बसले.

“पाणी नको,” ते म्हणाले. “मन्ही गोट ऐक. चपला मी सरळ कर्‍यात. गाड्या मी लावल्या. पोरांना बिस्किटं मी दिली. तुझं तोंड मी बंद केलं. मला वाटलं, बाकीच्यांचं थांबलं की सगळं माझ्याकडं येईल. शंभर टक्के झालो आणि तू मला अहो म्हणालीस.”

तिनं खाली बघितलं, आबांच्या पायांकडं. एका पायात पोराची काळी चप्पल. दुसऱ्या पायात चंदेरी सँडल, टाचेला नाजूक बक्कल, त्यातून आबांचा अंगठा बाहेर.

आणि बांध फुटला.

“आरे ओ बिनदेठनं वांगं! पोरनी सँडल घालीसन धुळ्यापावत उना? लाज शे का तुले? तठे सगळं सरळ करी ठेवं, चपला सरळ, गाड्या सरळ, पोरे सरळ, तू बी सरळ! आठवडाभर माले वाटे, मी मरी गयी का काय! सरळ घरमा माणूस कसा राही रे, जयेल भाकर? मन्हा हातले काम नही, तोंडले काम नही! आते बठेल कसा शे, फुटेल घागर, ऊठ तठून, धोतरले काजळी लागी राहिनी!”

आणि पुढं. आणि पुढं. मी सगळं लिहू शकत नाही, कागद पेटेल. एवढंच सांगतो, की पांझरा नदीचं पाणी थोडा वेळ उलटं वाहिलं आणि पुलावरच्या माणसांनी ते पाहिलं. आबा मांडी घालून बसले होते, पावसात म्हैस बसते तसे, डोळे मिटून. हात सवयीनं खिशाकडं गेला. तिनं ते बघितलं.

“मोजस का आजून?”

हात बाहेर आला. “नही,” आबा म्हणाले.

“पोरास्ले बी देसू मी. ऐकस ना? मन्हा हातनी भाकर खातस ते. तुले वाटे तितलं जळ.”

“जळसू,” आबा म्हणाले. “पण येशील ना घरी?”

ती गच्चीवरून खाली गेली आणि पिशवी भरू लागली. कुंदन तिच्या मागं गेला. “आणि माझं काय, सासूबाई?”

“तू बी येत जाय पिंप्राळाले, बिनदेठनं वांगं.”

आबांनी गच्चीवरूनच ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी पाहिलं. लिंबू पिळल्यावर दूध कसं दिसतं, तसं. पण त्यांनी रत्नाचा फोन घेतला, भूषणला लावला आणि जड आवाजात म्हणाले, “सर, पोरांना सांगा, उद्यापासून चपला कशाही काढा. हो. तुळशीला टेकवली तरी चालेल.”

जळगावच्या बसमध्ये गर्दी होती. आम्हाला कशीबशी जागा मिळाली. खिडकीशी कमलबाई, मधे आबा, कडेला मी. कुंदन बाहेर उभा राहून हात हलवत होता आणि बाई खिडकीतून त्याला बस सुटेपर्यंत सुनावत होती: गाडी हळू चालव, रत्नाला वेळेवर जेवू घाल, तोंड धू. बस निघाली तेव्हा तिचा घसा बसला. आबांच्या वाट्याचं साठलेलं एका दुपारी निघालं होतं, त्याला घसा तरी काय करणार? बोलायला गेली तर नुसती फुंकर.

आबा तिच्याकडं बघत होते. “पाणी?” तिनं मान हलवली. पारोळा आलं. कोणालाच काही मिळत नव्हतं, आबांना नाही, पोरांना नाही, जावयाला नाही. मला वाटलं, आता तरी म्हातारा सुखानं टेकून बसेल.

कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. तरणा पोरगा, घामाघूम. आमच्यापाशी आला आणि बस खड्ड्यात आदळली. त्याचा तोल जाऊन कोपर आबांच्या खांद्यावर, आबांचा खांदा कमलबाईच्या पिशवीवर, आणि रत्नानं दिलेल्या कुरडयांचा चुरा झाल्याचा आवाज सगळ्या बसनं ऐकला.

कमलबाईनं वळून पाहिलं. सगळा जीव गोळा करून तिनं घशातून काढलं, खरखरीत, अर्धं हवेतच विरलेलं:

“जयेल भाकर...”

कंडक्टर ओशाळला. कानाला हात लावत म्हणाला, “आजी, मला म्हणाल्या का?”

ती उत्तर देणार, तेवढ्यात आबा जागेवरून अर्धे उठले, एक हात तिच्यापुढं आडवा धरला आणि दुसऱ्या हातानं त्या पोराला वाट दाखवली.

“तू पुढे चाल, भाऊ,” ते म्हणाले. “ती मन्ही शे.”